रकाना

श्लेष्मबुरशीला आमच्या भाषेत शब्द नाही,
आणि यादविगाबाईंना घाई.
मी दुभाषी, शिवाय गाडीही मीच चालवतो.
म्हणालो, "आजी, ओलाव्यात सरकणारा
एक फेस असतो, तो शोधायला आल्यात."
इचिनखोर्लो आजींनी दाराबाहेर पाहिलं.
गोबीच्या या टोकाला तीन वर्षांत
ओलं म्हणावं असं एकच: उंटाचं नाक.

बाई साक्सौलची साल काढत होत्या
नखाएवढी, हलक्या हातानं, खपली काढावी तशी.
उंटाच्या जुन्या लेंड्या वेचत होत्या
तपकिरी पाकिटांत. वर शिसपेन्सिलीनं तारीख,
पेनातली शाई केव्हाच गोठलेली.
"चुलीत घालायचं ते पाकिटात घालते.
तिच्या देशात जळण नाही का?"
हे मी गाळलं.

मग काचेच्या बशा.
तळाशी टीपकागद, त्यावर साल, लेंडी,
उकळून निववलेलं पाणी, वर झाकण.
तेरा दिवस काहीच नाही.
बाहेर उणे सव्वीस.
आत आजी खारा चहा ढवळताना
बशांकडे अशा बघायच्या
जसं अडलेल्या शेळीकडे बघतात.

चौदाव्या सकाळी हाक आली.
भिंगाखाली लेंडीवर राखी मणी,
ओवलेले नव्हेत, सांडलेले.
सालीवर केसाहून बारीक दांडे,
दर दांड्यावर एक फिकट टिंब.
तिसऱ्या बशीत पिवळट रेघ,
काल तिथे नव्हती ती.

"चालते?"
"चालते."
"पाय?"
"नाहीत."
"मग झाड?"
तेही नाही. जनावरही नाही.
बाई म्हणाल्या, नाव बुरशीचं आहे, नातं नाही.
आजी खूप हसल्या.
धाकट्या दिराबद्दल त्या हेच म्हणतात.

अकरा जाती भरल्या, ओंजळभर कचऱ्यात.
किती वर्षं कोरड्या पडून होत्या,
बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"डिसेंबरात मोजणीचा माणूस येतो,"
आजी म्हणाल्या, "घोडे, उंट, गाई, मेंढ्या, शेळ्या.
पाच रकाने.
मागच्या हिवाळ्यात दोनशे बारा शेळ्या उभ्या गोठल्या,
त्यानं एका रेघेत खोडल्या.
ही कुठे लिहायची?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी प्रश्न अर्धाच पोहोचवला,
शेळ्यांपर्यंत गेलोच नाही.
बाई काहीतरी लांबलचक बोलल्या,
मी सांगितलं, "अजून ठरलेलं नाही."

एक बशी आम्ही तिथेच ठेवली,
एक जुनं भिंगही.

जानेवारीत फोन आला, वाऱ्यात तुटत तुटत.
मोजणीचा माणूस येऊन गेला,
तीन वाट्या चहा प्याला,
भिंगात डोळा घालून बराच वेळ गप्प बसला
आणि काही न लिहिता उठला.
आता बशी सुकली आहे.
रेघेच्या जागी नुसती खपली.
"पाणी घालू?"

मला उत्तर माहीत होतं.
तरी म्हणालो, "विचारून सांगतो,"
आणि फोन कानालाच धरून राहिलो.
पलीकडे कुणीतरी
चुलीत लेंड्या सारत होतं.