दहा मिलिसेकंदांची झोप

ओउलू, जानेवारी. पहाटेचे पावणेचार.
मुख्य सर्व्हर ठणठणीत. त्याची प्रतिकृती मात्र
एकोणतीस मिनिटं एकाच नोंदीवर उभी,
दारात येऊन काम विसरलेल्या माणसासारखी.

केमीच्या वजनकाट्यावर लाकडाचे ट्रक खोळंबलेत.
तिथली राइया फोनवर :
"गाडी बर्फात, माणूस गाडीत,
आणि तुमच्या पडद्यावर वजन शून्य."
बघतोय, मी म्हणतो.

डिस्क गप्प. लॉगमध्ये एक तक्रार नाही.
मेलं असतं तर कळलं असतं;
हे वाट बघतंय.

मंगळवारीही असंच झालं होतं.
तेव्हा कोडमध्ये छापायची एक ओळ घातली,
"इथवर आलो",
तर दोनशे वेळा चालवूनही अडेना.
पावलं वाजताच घरचाच होऊन बसलेला चोर.

हिल्क्का येते, टोपीवरचा बर्फ न झटकता.
जिवंत प्रक्रियेचं पोट उघडून
एकेक धागा वाचते, बोट ठेवून, खालून वर.
सात म्हणतो : मला या ओळीचं कुलूप हवंय.
नऊ म्हणतो : कुलूप माझ्याकडे आहे,
पण माझ्याआधी सातची नोंद व्हायची, क्रम तसा ठरलाय.
"दोघंही खरं बोलतायत," ती म्हणते. "बसा आता."

कुलपांच्या पहारेकऱ्याला रांग दिसत नाही,
रांगेच्या पहारेकऱ्याला कुलपं.
दोन वह्या, दोन्ही बेरजा बरोबर.

केमीसाठी नऊला मारलं.
सात लगेच पुढे सरकला,
मागून नऊ पुन्हा आला, मुकाट.

मग चाचणीच्या यंत्रावर
हिल्क्काने सातला कुलपाच्या ऐन उंबऱ्यावर झोपवलं,
दहा मिलिसेकंद.
अडलं.
पुन्हा अडलं.
शंभरात शंभर वेळा.
छत्तीस तास मी जागा,
आणि झोप लागत होती ती त्याला!
आम्ही हसलो, ओरडलो. रखवालदार आउलिस
डोकावून गेला. त्याला काय सांगणार,
की आता हे आम्हाला हवं तेव्हा बिघडतं?

दुरुस्ती चार ओळींची :
रांगेत थांबण्याआधी हात तपास,
पुढच्याला हवं ते तुझ्या मुठीत असेल
तर सोड, माघारी जा, पहिल्यापासून ये.

राइयाचा फोन : "एक्केचाळीस टन सहाशे. आलं."
मागे इंजिनाची घरघर.

मी कोट चढवला.
हिल्क्का अजून पडद्यापाशीच.
"धागा अकरा," ती म्हणाली,
"हा कुणासाठी थांबलाय?"