ब्रेक सोडून उतरणे

सकाळी नऊला मीटरवर बत्तीस.
अकराला अडतीस, आणि वर्गीसने खालून
दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले: बस.
हुकाला लटकलेली सळयांची शेवटची जुडी
बाळ निजवावं तशी खाली टेकवली.
हूक वर घेतला. ट्रॉली खांबाला चिकटवली.
मग फिरकीचा ब्रेक सोडला,
केबिनला कडी घातली
आणि उतरलो, पायरीला तीन टेकू ठेवत:
दोन पाय एक हात, दोन हात एक पाय.

अल खोरच्या खाडीवर तोवर काहीच नव्हतं.
पाणी निळं, कांदळवनात दोन बगळे.
फक्त वायव्येला, आभाळाच्या बुडाशी,
पिठाच्या परातीला कुणी टिचकी मारावी
एवढासा पिवळट पट्टा.
इथे त्याला शमाल म्हणतात.
आपल्याकडे त्या दिशेलाच वाऱ्याचं नाव.

मुझम्मिलला येऊन तीन आठवडे झालेत.
हातात वही होती. म्हटलं, ती खिशात घाल, मागे ये.
प्लायवूड आडवं पाड, वर वजन ठेव,
उभा तक्ता म्हणजे पतंग, फक्त याची धार मानेला लागते.
रिकामी पिंपं एका दोरात ओव.
सिलिंडरची साखळी दिसते त्यावर जाऊ नकोस, ओढून बघ.
परांचीवरची हिरवी जाळी काप.
हो, काप. नवीन आहे, माहितीय.
जाळीचं शीड झालं तर परांची तारवासारखी निघेल.
आणि तो खिळ्यांचा डबा,
तो आधी.

तेवढ्यात त्याने वर पाहिलं. ओरडलाच:
चाचा, क्रेन फिरतेय! ब्रेक राहिला तुमचा!

खरंच फिरत होती.
साठ मीटरचा हात, सावकाश,
झोपेत कूस बदलणाऱ्या म्हशीसारखा.

माझा बापूस वेलदूरला होडी नांगरायचा
तेव्हा एकच नांगर टाकायचा, नाळेकडून.
पुढून मागून दोन्हीकडे बांधलीस, म्हणायचा,
तर वारा कुशीवर घेईल आणि उलथेल.
एका दोरावर सोड,
वारा कुठून येतो ते तिचं तिला कळतं.
एवढं सगळं पोराला सांगायला वेळ नव्हता.
म्हटलं, राहिला नाही, सोडलाय. बसमध्ये चढ.

बसमध्ये एकेचाळीस माणसं हवीत.
वर्गीसने मोजली: चाळीस.
पुन्हा मोजली: चाळीस.
पट्टा आता भिंत झाला होता, विटकरी,
तिच्यात पाण्याची टाकी गेली, मग मशिदीचा मिनार.
टेकबहादूर धावत आला, शर्ट छातीशी धरून.
दोरीवर वाळत घातला होता, म्हणाला, एकच बरा आहे.
कुणी शिव्या दिल्या नाहीत.
म्हणजे वर्गीसने दिल्या, पण मल्याळममध्ये.

खोलीत एसी बंद. उंबऱ्याला ओले टॉवेल,
खिडकीच्या फटीला चिकटपट्टी,
दोन बादल्या पाणी, बॅटरी भरलेली,
मोतालेबचा दम्याचा पंप उशाशी नाही, खिशात.
अंधारात उशी सापडत नाही माणसाला.
घरी फोन केला नाही.
इथे वारा सुटला की तिथली झोप उडते.

रात्रभर पत्रा बोलत होता.
दातांत रेती. आठ माणसं एका खोलीत
नाकाला ओला पंचा लावून, लुटारूंसारखी.
दोन वाजता मुझम्मिलने विचारलं,
आता ती कुणीकडे बघत असेल?
मला वाटलं होतं तो झोपलाय.

सकाळी सगळं एका रंगाचं.
बस, बगळे, खजुरी, वर्गीसच्या भुवया.
पिंपं जागेवर. परांची जागेवर.
पार्किंगमधला एक फलक मात्र गेला,
तो आमचा नव्हता, कुणी बांधला नव्हता.

आणि ती उभी होती,
पाठ शमालकडे, हात आग्नेयेकडे,
एकदम शांत.
त्या हाताच्या रेषेत समुद्र आहे,
मग अमिरातीची वाळू,
मग पुन्हा समुद्र, पुष्कळ समुद्र,
आणि जरा डावी-उजवी चूक धरली तर
वेलदूरची जेट्टी.

काय बघतोयस, वर्गीसने विचारलं.
बोल्ट, म्हटलं.
पायथ्याचे बोल्ट तपासायचे होतेच.