सहाशे मीटरवर वादळ

वादळ मंगळवारी गेलं.
बुधवारी रोस्त बेटावर ओडफ्रिडनं
मासे सुकवायच्या मांडवाची दोरी पुन्हा बांधली,
पडलेल्या कॉडच्या जोड्या परत वर टांगल्या
आणि म्हणाली, निवलं एकदाचं.

पाणी निवलं नव्हतं.

आम्ही सोडलेला सतरा नंबरचा बोया
पडद्यावर रेघ ओढत होता,
पेनातून शाई उतरते का बघताना
आपण कागदाच्या कोपऱ्यात काढतो तशी:
गोल, गोल, थोडं पुढे, परत गोल.
तेरा तासांना एक फेरा, सतत उजवीकडे वळत.
वारा नाही. ढकलणारं कुणी नाही.
पृथ्वी तेवढी फिरते आहे खाली
आणि सुटलेलं पाणी तिच्या नादानं वळतंय.

पश्चिमेला, खोल पाण्यावर, एक भोवरा असतो.
जहाजावर त्याचं नाव घेत नाहीत,
नुसतं 'तो' म्हणतात, घरच्या माणसाला म्हणावं तसं.
जाड, कोमट, संथ.
वादळ डावं, तो उजवा.
शेजारचे थंड भोवरे वादळाच्या लाटांना थारा देत नाहीत,
दारातूनच वाटेला लावतात.
हा आत घेतो.

शुक्रवारी सतरा नंबर त्याच्यात शिरला.
फेरा लांबला. चौदा तास. पंधरा.
मग वर काहीच नाही, तेल सांडल्यासारखा समुद्र,
आणि एक पक्षी पाण्यावर झोपलेला.
मी विंच सुरू केलं, तार सोडत गेलो,
दोनशे, चारशे,
सहाशे मीटरवर तार हातात थरथरली.
तिथं होता मंगळवार.

हे मी ओडफ्रिडला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं.
ती म्हणाली, कळलं.
माझे आईबाप माडीवर भांडायचे,
आम्हाला ते तळघरात ऐकू यायचं,
बटाटे आणायला गेलो की,
आठवड्यानं सुद्धा.

मग खाली त्याचं होतं काय, तिनं विचारलं.
मोडतं, म्हटलं. फुटून बारीक होतं,
थंड आणि कोमट एकमेकांत कालवतं.
म्हणजे उपयोगी पडतं?
कुणाच्या तरी.

किती दिवस लागतात?
वीस. कधी जास्त. आम्हाला नीट माहीत नाही.

ती उठली, बाहेर गेली.
पान हलत नव्हतं; तिथं झाडंही नाहीत म्हणा.
मांडवाजवळ उभं राहून तिनं
बुधवारी बांधलेली गाठ
दोन्ही हातांनी ओढून पाहिली.