दुसरं गेट

टिळकवाडीत, रेल्वेच्या दुसऱ्या गेटापाशी,
चव्हाट्यांच्या झेरॉक्स दुकानामागं एक खोली होती.
खोलीत कॉम्प्युटर, मोडेम,
विटेवर टेकवलेला स्टॅबिलायझर
आणि मी, अकरा वाजायची वाट बघत.
अकरानंतर एसटीडी पावपट.

आधी शिट्टी, मग कढईतली खरवड
उलथन्यानं सोडवावी तसा आवाज,
मग शांत. म्हणजे लागलं.
पहिला फोन कोल्हापूरला, दुसरा हुबळीला.
दोन जाळी, दोघांची एकमेकांशी ओळख नाही.
मधे मी. मला ते गेट म्हणत,
आणि मी राहायलाही गेटापाशीच. हसायचे लोक.

कोल्हापूरकडं पत्ता आकड्यांचा,
सहा, तिरकी रेघ, चारशे बारा.
हुबळीकडं पत्ता नावाचा,
खरं इंग्रजी आठच अक्षरं. नववं आलं की छाटलं.
माझं येळ्ळूरकर, त्याचा शेवटचा र गेला.
रोज रात्री हुबळीचं मशीन मला विचारायचं,
येळ्ळूर का?

विरुपाक्ष गदगीमठ तिकडं बसायचा.
त्याला मी कधी बघितलं नाही.
तो पडद्यावर लिही, ऊटा आय्त?
मी लिही, झालं की, तुझं?
देवनागरीला त्या तारेत वाट नव्हती,
कन्नडलाही नव्हती.
दोघी पायताणं बाहेर सोडून
रोमन अक्षरांत अंग चोरून शिरायच्या.

वडगावची सुलभा उचगावकर
शनिवारी येऊन पत्र टाकून गेली,
हुबळीत शिकणाऱ्या भावाला. दोन ओळी.
बोटं मोजून कळ दाबायची, एक एक.
रुपया द्यायला लागली, मी घेतला नाही.

पत्र गेलं. हुबळीच्या यादीत उचगावकर पूर्ण,
पत्रावर छाटलेलं. ते म्हणालं, हा आमचा नव्हे.
परत आलं. माझं मशीन म्हणालं,
हा तर तिकडचाच. परत धाडलं.
मी झोपलेलो. मशिनं इमानदार.
नऊ रात्री ते पत्र असंच ये-जा करत राहिलं,
प्रत्येक फेरीला डोक्यावर दोन ओळी,
मार्गे बेळगाव, मार्गे हुबळी,
मार्गे बेळगाव, मार्गे हुबळी.
अठरा ओळींचं ओझं आणि खाली तिच्या दोन.

दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा आमचा नियम.
दहाव्या रात्री विरुपाक्षनं मोडला.
एक वाजता मोडेम बाजूला ठेवून
त्यानं खरा फोन लावला, पहिल्यांदा,
त्याचा आवाज माझ्यापेक्षा म्हातारा.
मोडक्या मराठीत म्हणाला,
अरे, मुलगा विकला लिहिलंय. कुणी विकला? पोलिसात सांगू काय?

मी पडद्यावर बघितलं.
maga vikala. annala kalu deu nako.
त्याच्या भाषेत मग म्हणजे मुलगा.
म्हटलं, मुलगा नव्हे हो. माग. माग विकला.
साडी विणायचा. हातमाग.
तारेवर जरा खरखर.
मग तो म्हणाला, मग्ग होय?
आमच्याकडं मग्ग म्हणतात.
आणि मग दोघंही काही बोललो नाही,
एसटीडीचं मीटर पडत राहिलं.

सकाळी तो स्वतः वसतिगृहावर गेला,
कागदावर पत्र छापून, वरच्या अठरा ओळी फाडून.
का फाडल्या विचारलं तर म्हणाला,
एवढ्या लांबून आलंय वाटलं असतं पोराला.

उत्तर त्याच रात्री आलं.
यादीत आता दोन्ही नावं होती, पूर्ण आणि छाटलेलं.
एकच शब्द, kitila.

सुलभा उभ्या उभ्या वाचून खुर्चीत बसली.
बाहेर गेट पडलं होतं, मालगाडी जात होती,
मॉनिटर हलत होता.
तिनं आकडा टाकला.
बघत बसली. पुसला.
जरा मोठा टाकला.

मी तेव्हा रिबनची डबी शोधत होतो,
असं मी आजवर सांगतो.
आकड्याला लिपी लागत नाही.
तो एका फेरीतच पोचला.