खांब क्रमांक चारशे सतरा

अकरावी तक्रार आली तेव्हा साहेब म्हणाला,
ओरिसिया, जा एकदा, म्हाताऱ्याचं समाधान कर.
विनिपेग सरोवर काठापासून काठापर्यंत गोठलेलं,
उणे एकतीस. गाडीतून उतरले
तर ओठावर बर्फाची मिशी फुटली.

ह्याल्मार थोर्लाक्सन. वय ब्याऐंशी.
जन्मभर बर्फाला भोकं पाडून मासे धरलेले,
बोटंही तशीच, दोन अर्धी.
चहा विचारला नाही. खुर्ची पुढे ढकलली
आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवला,
डॉक्टरसमोर तापाचं पोर धरावं तसा.

आत नुसता चरचराट.
तापल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडतच राहावं,
सेकंदाला एकशेवीस वेळा, न दमता.
आमचीच वीज. लगेच ओळखली,
आपल्याच घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकावं तशी.

"याच्या खाली," तो म्हणाला, "एक माणूस आहे."

आझोर्स बेटांवरचा. गुरं राखतो. पाच वॅटवर बोलतो,
फ्रिजमधला दिवासुद्धा त्याहून जास्त खातो.
नोव्हेंबरपासून तो हाक मारतोय की नाही
हेच ह्याल्मारला कळेना.

माशाच्या काट्यासारखा अँटेना हातात धरून
मी खांबामागून खांब चालत गेले.
चारशे सतरावर घणाचा एक ठोका घातला,
चरचराट क्षणभर दचकून गप्प.
कोरड्या थंडीनं लाकूड आटलेलं, नट सैल,
दोन लोखंडांत नखाएवढी फट,
आणि त्या फटीत ठिणगीनं मांडलेला संसार.
हवा दमट झाली की ठिणगी विझते.
आमची माणसं दहाही वेळा उबदार दिवस बघून आलेली.
शेरा दहाही वेळा एकच : काही आढळले नाही.

पाऊण फेरा पाना फिरवला. एक वॉशर. चाळीस सेंट.

रात्री तो खाली होताच.
डा डिट डा डिट, डा डा डिट डा.
ह्याल्मार पेन्सिलीच्या थोटकानं एकेक अक्षर उतरवत होता :
गाय व्याली. वासरू उभं राहिलं. वारा फार.
एवढंच.
मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

त्याच आठवड्यात टेबलावर दुसरा कागद आला.
मीटरांना आपसात बोलायचंय, म्हणून कंपनीला
सव्वा मीटर लहरींचा एक पट्टा हवा होता.
हौशींचा वापर : नगण्य.
मोजून दे, साहेब म्हणाला.
तीन आठवडे यंत्र लावलं. एकूण अकरा मिनिटं.
ती अकरा मिनिटं मी ऐकली :
रोज संध्याकाळी ह्याल्मार बर्फाची जाडी सांगतो,
पलीकडच्या काठावरून ग्वेंडोलिन बेर्ड म्हणते, मिळालं.
बस.
आणि तेवढ्यासाठी सरोवरभर, जाळी ओढता ओढता,
किती खोपट्यांमध्ये छोटे रेडिओ उघडे असतात
ते यंत्राला दिसत नाही.
बोलणं मोजता येतं.
ऐकणाऱ्याचा काटा हलत नाही.

ह्याल्मारला सांगितलं. मला वाटलं चिडेल.
तो वॉशरचाच विचार करत होता.
"त्या ठिणगीला ठाऊक नव्हतं गं," म्हणाला,
"की खाली माणूस आहे."

आकडा बरोबर होता. मी सही केली.
शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या, जोडपत्र जोडलं,
जोडपत्रं कोण वाचतं ते मला माहीत आहे.

आता कधीमधी कामावरून परतताना
चारशे सतराखाली गाडी थांबवते, इंजिन बंद करते.
काच आतून धुरकटत जाते.
सहा वाजता तो येतो, घसा खाकरतो :
अठ्ठावीस इंच. उत्तरेला भेग. गाडी घालू नका.

मिळालं, म्हणते ग्वेंडोलिन.

मी काही म्हणत नाही. मला परवाना नाही.