कात

मस्कतमध्ये जुलै. रात्री नऊलाही बाहेर एकोणचाळीस,
आत प्रयोगशाळेत सोळा.
रेणू चारशे सतरा ज्यात विरघळवलाय
तो द्राव साडेअठराखाली गोठतो,
म्हणून कुपी मुठीत धरून मी मागच्या दाराबाहेर उभी,
जनरेटर आणि बोगनवेलीच्या मधे.
एवढा महागडा रेणू, आणि चूल ही अशी फुकटची.

झाकण उघडत नाही.
उजव्या हाताची मधली दोन बोटं
सकाळपासून टम्म.
रय्या अल-हब्सी काही न विचारता कुपी घेते,
उघडते, परत देते.

खळग्यांत उंदराच्या भक्षक पेशी.
त्यांच्यावर टाकते मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचा चुरा.
साप नाहीच. नुसती कात.
तरी त्या भुई धोपटायला लागतात:
दारावरचा आतल्याला सांगतो,
आतला त्याच्याही आतल्याला एक फॉस्फेट चिकटवतो,
दंडाला चिमटा काढून पुढे ढकलावं तसा,
आणि निरोप केंद्रकात पोचेस्तोवर
सगळी आळी काठ्या घेऊन बाहेर.

माझ्या बोटांतही कुणीतरी कात पाहिलीय.
कसली, ते डॉक्टरांना सांगता येत नाही.

चारशे सतरा एवढंसं.
मधल्या एका निरोप्याच्या खिशात जाऊन बसतं.
तो फॉस्फेट काढायला हात घालतो
तर खिसा भलत्याच गोष्टीनं भरलेला.

पहाटे अडीचला ताट वाचलं.
डावीकडे पिवळंधमक, उजवीकडे काही नाही.
पाणी.
मी हसले असेन, कारण रय्या म्हणाली,
"गप्प आहेत, की मेल्यात?"

पिवळ्याला ते कळत नाही.
मग त्याच पेशींवर दुसरा रंग, निळा.
जिवंत असतील तर त्या त्याला गुलाबी करतात, सावकाश.
चार तास आम्ही खजूर खाल्ले,
तिच्या भावाच्या बोटीच्या इंजिनाबद्दल बोललो,
बोटांबद्दल नाही.

उजवीकडच्या पाच ओळी निळ्याच राहिल्या.
तिथे आग विझवताना आम्ही घरच बुडवलं होतं.
सहावी गुलाबी, पण पिवळ्यातही तितकीच बोंबललेली.
सातवी...
मी ताट खिडकीशी नेलं. बाहेर डोंगर अजून काळे.
सातवी गुलाबी,
आणि तिच्या पिवळ्याच्या जागी पाणी.

रय्यानं चष्मा पुसला.
"एक ओळ म्हणजे काही नाही," म्हणाली, "उद्या परत."
आणि उद्याची कुपी शीतपेटीत ठेवण्याआधी
तिचं झाकण अर्धा आटा सैल केलं.