अठराव्या कडीपाशी

श्वेत समुद्रावर मार्चातही बर्फ.
करवतीने कापलेल्या चौकोनातून
चिखल वर येतो, चाळणीत पडतो.
तायसिया बोटांवर फुंकर घालते.
उरतो शिंपल्यांचा चुरा, थोडे खडे,
आणि शिंप्याच्या दुकानातून संध्याकाळी झाडून काढावीत
तशी दोऱ्याची टोकं. वळवळणारी.

एकेचाळीस वर्षांपूर्वी
झिनाइदा ल्वोव्नाबाईंनी ह्यांना नाव दिलं. एकच.
फिकट, बिनडोळ्यांचा,
आकडेदार केस एकोणिसाव्या कडीपासून.

तायसिया मोजते. एकोणीस.
दुसऱ्याला वीस.
तिसऱ्यालाही वीस, पुन्हा मोजले तरी वीस.
हिरव्या रंगात बुडवले
तर एकाच्या गळ्याशी पट्टा उठतो,
दुसरा कोराच.
उन्नीस-बीस म्हणून आपण जे सोडून देतो
ते इथे सोडायची सोय नाही.

बाई भिंगावरून डोळा काढत नाहीत बराच वेळ.
मग म्हणतात, मूळ नमुना आण.
ज्याच्यावरून नाव ठेवलं तोच नावाचा धनी,
दुसऱ्याला नवं शोधू.

मूळ नमुना तिसऱ्या कपाटात,
अल्कोहोलात पिवळा पडलेला.
पंधरा, सोळा, सतरा,
अठरा.
पुढे काही नाही.
बरणी कुणाच्या तरी हातून पडली होती एकदा,
एवढंच बाईंना आठवतं.
जुन्या कातडीवर हिरवा रंगही बसत नाही.

आगाफ्या मासे घेऊन आलेली, दारातच उभी,
बुटांचा बर्फ वितळतोय.
ती म्हणते, हे होय?
नवागाच्या पोटात डिसेंबरात
वेटोळं घातलेले निघतात,
आता सगळे सरळ.
माझ्या आईलाही ठाऊक होतं.
मासा काय कड्या मोजून खातो?

कुणी हसत नाही.

शाई अल्कोहोलात उतरते, म्हणून पेन्सिल.
बाई चिठ्ठीवर आपणच दिलेलं नाव लिहितात,
थांबतात,
पुढे प्रश्नचिन्ह काढतात. हात कापतो,
तळातला टिंब जरा लांबच पडतो.
चिठ्ठी बरणीत सोडतात.

मग बाह्या वर सारून विचारतात,
आगाफ्या, किती आणलेस?
दोन डझन.
साफ केलेस?
अजून नाही.

तायसिया, दिवा इकडे घे.
आणि बारीक चिमटा.